मिंटी स्टिडमच्या दगडावरची मोकळी जागा

मिंटी स्टिडम पहिल्यांदा मेली ती एका शनिवारी संध्याकाळी, बर्चेलच्या दुकानाच्या ओसरीवर, घेवड्याच्या शेंगा मोडता मोडता.

बर्चेलने नुकताच बॅटरीवरचा रेडिओ आणला होता आणि हिकरी ओढ्याकाठची निम्मी माणसं तो ऐकायला जमली होती. उरलेली निम्मी रेडिओ म्हणजे सैतानाचं काम म्हणून घरी बसली होती. पण त्यांनी आपापली पोरं धाडली होती, काय काय लागलं ते येऊन सांगायला. डबा खरखरला, फिडल वाजलं, टाळ्या झाल्या आणि सिनसिनाटीहून एक तुपाळ आवाज म्हणाला, "आणि आता, मायबाप श्रोतेहो, आपली छोटी लीना! डोंगरातली पोरकी पोर. हिची माउली देवाघरी गेली. जाताना लेकीच्या गळ्यात तेवढा आपला आवाज ठेवून गेली."

ओसरीवर सगळ्यांनी मिंटीकडे पाहिलं. मिंटीने हातातल्या शेंगेची शीर ओढून काढली, शेंगेचे दोन तुकडे केले आणि पातेल्यात टाकले.

"असं होय," ती म्हणाली. "मग ह्या शेंगा कोण मोडतंय?"

ओसरी हसली. तेवढ्यात डब्यातून मिंटीच्या लेकीचा आवाज आला, आणि हसू जागच्या जागी थांबलं.

*गवत वाढलं गं आई, तुझ्या उशाशी,*
*कोण दिवा ठेवील आता माझ्यासाठी खिडकीशी?*

गाणं संपेपर्यंत मिंटीने सगळ्या शेंगा मोडल्या. मग पातेलं कडेवर घेऊन ती चढण चढून घरी गेली.

हे त्या लेकीला, म्हणजे ओर्लेनाला, खूप पुढे कळलं, तेही शेजारच्या डोशीकाकूकडून. त्या शनिवारी ओर्लेनाला एवढंच ठाऊक होतं की पहिल्यांदाच माइकसमोर उभं राहूनही आपला आवाज चिरकला नाही.

त्या खोट्याची सुरुवात तशी साधीच झाली होती. त्या काळी बाईमाणसाने रेडिओवर गायचं तर ती कुणाची तरी कोणीतरी असावी लागे, बहीण नाही तर बायको. परक्या चार पुरुषांबरोबर गावोगाव हिंडणारी एकोणीस वर्षांची पोर म्हटल्यावर चर्चच्या बायकांनी रेडिओचे कान पिळले असते. क्लोव्हिस प्रॅटच्या ताफ्यात गाणारी पोर हवी होती आणि ओर्लेना गात होती. पण तिला बायको करावं तर क्लोव्हिसची खरी बायको दर शनिवारी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेली असायची. बहीण करावं तर क्लोव्हिस ताडासारखा उंच आणि पिवळट केसांचा. ओर्लेना काळ्या केसांची, जेमतेम त्याच्या कोपराला लागणारी.

कार्यक्रम चालवणाऱ्या, तुपाळ आवाजाच्या टूमीसाहेबांनी मग तिलाच विचारलं, "आई आहे?"

"आहे की."

"बाप?"

"मी सहा वर्षांची असताना ओंडक्याखाली गेला."

"म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे," टूमीसाहेब म्हणाले. "पोरकी पोर. क्लोव्हिसने दया येऊन पदरात घेतलेली. पोरकीवर कोण बोट ठेवतंय? उलट डोळे पुसतील."

ओर्लेना कबूल झाली. घरी कुठे रेडिओ आहे, असा तिने विचार केला. जे आईच्या कानावर जाणारच नाही ते खोटं कसलं? डोंगरातली माणसं कर्ज काढून मीठ घेतील पण रेडिओ घेणार नाहीत, असं तिला वाटत होतं. बर्चेलला तिने फार कमी लेखलं होतं.

नाताळात ती घरी गेली तेव्हा दार बंद होतं. तिने हाक मारली.

"आई, दार उघड. मी आलेय."

आतून आवाज आला, "मेलेली माणसं दारं उघडत नाहीत. ढकल, उघडंच आहे."

ओर्लेना आत गेली ती थेट आईच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. मिंटीने तिच्या पाठीवर पिठाचे हात थोपटले. कोटावर दोन पांढरे पंजे उमटले.

"पुरे. मेले ती मी, आणि रडतेस तू. बस. मक्याची भाकर थंड होतेय."

मिंटी रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने घेवडा वाढला, ताक वाढलं, शहरात बायका खरंच पायात रेशमी मोजे घालतात का ते विचारलं. डोशीकाकू आली आणि दारातूनच ओरडली, "काय गं मिंटे, वर कसं काय आहे?" तर मिंटी म्हणाली, "थंडी कमी आहे, आणि शेजारणी बऱ्या आहेत." दोघी हसल्या. हा विनोद त्यांनी बराच वापरलेला दिसत होता, ताकाच्या लोटीसारखा गुळगुळीत झाला होता.

पण संध्याकाळी मिंटी पॅन्सी गाईचं दूध काढायला गोठ्यात गेली आणि गोठ्यातून नुसताच धारांचा आवाज आला.

ओर्लेना पायरीवर थिजली. तिला कळायला लागल्यापासून आईने गाण्याशिवाय कधी धार काढली नव्हती. सगळी गाणी तिने त्याच पायरीवर बसून उचलली होती. बुडालेल्या नवरीचं, दोन भावांचं, घोड्यावरून परत न आलेल्याचं. वीस वीस कडव्यांची, समुद्रापलीकडून कुणाच्या तरी पणजीच्या पणजीने आणलेली. मिंटी गायची तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा असे. गाण्यात कुणी बुडो, कुणी कुणाला भोसको, भुवई हलायची नाही. "रडायचं ते गाण्याने," ती म्हणे. "आपण नाही."

"आई, गात का नाहीस?" ओर्लेनाने विचारलं.

मिंटीने गाईच्या पोटाला टेकलेलं डोकं उचललं नाही. "मेलेल्या बायका गात नाहीत, लेने. तुझ्याच रेडिओवर ऐकलंय."

हे मात्र ती हसून म्हणाली नव्हती.

त्यानंतर बारा वर्षं गेली. लढाई येऊन गेली, क्लोव्हिसच्या ताफ्यातला बँजोवाला तिकडेच राहिला, हिकरी ओढ्याला वीज आली. ओर्लेना दर नाताळात घरी जायची, आणि मध्ये जमेल तेव्हा. दरवेळी भाकर गरम असायची, दरवेळी डोशीकाकू वरची खबर विचारायची आणि दरवेळी गोठ्यातून नुसत्या धारांचा आवाज यायचा.

शनिवारी संध्याकाळी मात्र निम्मा देश तिचं गाणं ऐकत होता. स्टेजवर ती मधोमध उभी असायची आणि जाहिरातीच्या कागदावर तळाशी. 'क्लोव्हिस प्रॅट आणि मंडळी', आणि खाली, घोड्यांच्या औषधाच्या जाहिरातीच्या जरा वर, 'सोबत छोटी लीना'. तिशी उलटली तरी छोटीच. क्लोव्हिसने जास्त घेतली की गिटारवर ताल धरून अख्खा कार्यक्रम तीच ओढून न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा शर्टही तीच इस्त्री करायची. एकदा तिला दात काळे करून, वेडगळ टोपी घालून हसवायला उभं राहायला सांगितलं. ती म्हणाली, "माझे दात खरेच गेले की मग करीन." आणखी एकदा तिने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. पिऊन येणाऱ्या नवऱ्याला दार न उघडणाऱ्या बाईचं होतं ते. पुरुषांच्या एवढ्या तक्रारी आल्या की टूमीसाहेबांनी कपाळाला हात लावला, आणि बायकांची एवढी मागणी आली की त्यांनी तो काढून घेतला.

"माझं नाव वर लावा," ती दर वसंतात म्हणायची.

"लीना," टूमीसाहेब म्हणायचे, "बाईने गावं, पुरुषाने तिकीट विकावं. बाईच्या नावावर तंबू भरत नाही. कुणी भरून दाखवलेला नाही."

"कुणी लावूनही पाहिलेलं नाही."

ह्या वर्षी ते तयार झाले. उन्हाळाभर गावोगाव कार्यक्रम करत फिरणारा मोठा तंबू आणि वर ठळक अक्षरांत 'लीना स्टिडम आणि मंडळी'. त्या भागात असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. क्लोव्हिसही "घे पोरी, माझे गुडघे गेले" म्हणाला होता. टूमीसाहेबांची अट एकच होती. जाहिरातीत वर नाव, आणि खाली चित्र: आईच्या कबरीपाशी गुडघे टेकलेली लीना. फोटोवाल्याला घेऊन ते स्वतः तिच्या गावी येणार होते, फुलांच्या रविवारी.

त्या एका शनिवारच्या कार्यक्रमाची सुटी घेऊन ओर्लेना दुपारी हिकरी ओढ्याला पोचली. फुलांचा रविवार म्हणजे मे महिन्यातला शेवटचा. सगळी घरं टेकडीवर चढतात, आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतात, मेणात बुडवलेली कागदी फुलं ठेवतात, आणि तिथेच सतरंज्या घालून जेवतात. त्या दिवशी टेकडीवर न जाणारी बाई एक तर बाळंतीण असते, नाही तर स्वतःच तिथे पुरलेली. आणि ओर्लेना आईला सांगायला आली होती, उद्या तू येऊ नकोस.

मिंटी चुलीपुढे मेण वितळवत होती. मेजावर लाल, पिवळी, निळी कागदी फुलं पसरली होती.

"आई," ओर्लेना म्हणाली, "उद्या टूमीसाहेब येणार आहेत. फोटो काढायला. ते... बाबांच्या दगडापाशी..."

"माझ्या कबरीचा?"

ओर्लेनाने मान डोलावली.

"काढू दे की," मिंटीने एक फूल मेणात बुडवून वर धरलं. मेणाचे थेंब ठिबकू दिले. "दरवर्षी येतात."

"कोण येतं?"

"तुझे ऐकणारे. ओहायोतनं, इंडियानातनं, कुठून कुठून. गाडी खाली लावतात, चढ चढून धापा टाकत येतात, विचारतात, लीनाच्या आईची कबर कुठली? मी झाडू मारत असते. मीच दाखवते." तिने खाटेखालून एक खोकं ओढलं. त्यात विकतची, रेशमी, काचेच्या थेंबांची फुलं होती. "बघ. तुझ्या बापाला जन्मात एवढी फुलं मिळाली नाहीत. मी निम्मी त्याला देते, निम्मी डोशीच्या गेलेल्या पोराला."

"आणि दगडावर तुझी तारीख नाही ते कुणी..."

दगड एकच होता. टेकडीवर दगड चढवायचा म्हणजे दोन खेचरांचं काम, म्हणून त्या बाजूला नवरा गेला की बायकोचंही नाव तेव्हाच कोरून घेतात. इनॉक स्टिडम, जन्म, मृत्यू. शेजारी आर्मिंटा, त्याची पत्नी, १८८४ ते १९. एकोणीसच्या पुढे मोकळी जागा.

"लोकांना वाटतं कोरणाऱ्याला द्यायला पैसे नव्हते. तेवढ्यावर आणखी रडतात." मिंटीने फूल सुकायला ठेवलं. "मागच्या साली एक म्हातारी आली होती. ओहायोत राहते, पण हाड आपल्याच डोंगरातलं. तिने दगड पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तारीख राहिलीय. मी म्हटलं, हो, कोरणारा यायचाय. तिने आणलेली फुलं दगडावर ठेवलीच नाहीत. माझ्या हातात दिली. म्हणाली, मग ही तुमच्याकडेच असू देत."

ओर्लेना खुर्चीत बसली. आईला काही सांगावं लागलं नाही म्हणून तिला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं म्हणून तिला स्वतःची शिसारी आली.

"तू लपायला नको," ती कशीबशी म्हणाली.

"लपते कशाला? झाडू मारणाऱ्या म्हातारीकडे कोण बघतंय. आता ती कात्री दे इकडे. आलीच आहेस तर पाकळ्या काप."

रविवारी टेकडीवर लख्ख ऊन पडलं होतं. तण काढून झालं होतं, मातीचे उंचवटे नीट रचून झाले होते, सतरंज्यांवर तळलेली कोंबडी, वाळवलेल्या सफरचंदांचे थर घातलेला केक आणि सात घरांची सात तऱ्हेची लोणची मांडली होती. टूमीसाहेब वर पोचले तेव्हा त्यांचा एक पांढरा बूट ओढ्यात बुडून आला होता आणि दुसरा चिखलात. मागून फोटोवाला तिपाई घेऊन आला.

इनॉक आणि मिंटीच्या दगडापुढे टूमीसाहेबांनी हॅट काढली. ओर्लेनाने पाहिलं, त्यांचे डोळे खरोखर भरले होते. पहिल्या दिवशी 'आई आहे?' असं ह्यांनीच विचारलं होतं, आणि 'आहे की' हे उत्तर ह्यांनीच ऐकलं होतं. पण बारा वर्षं दर शनिवारी तेच सांगून सांगून ते स्वतःच त्यावर विश्वास ठेवून बसले होते.

"तुम्ही कोण, बाई?" त्यांनी झाडू मारणाऱ्या म्हातारीला अदबीने विचारलं.

"मी इथली झाडलोट बघते," मिंटी म्हणाली.

"लीनाच्या आईला ओळखत होतात?"

"चांगली. जिभेने तिखट होती. स्वयंपाक मात्र बरा करायची."

पलीकडच्या सतरंजीवर डोशीकाकूला जोराचा ठसका लागला.

फोटोवाल्याने ओर्लेनाला गुडघ्यावर बसवलं, काळ्या कापडात डोकं घातलं आणि परत बाहेर काढलं. "साहेब, तारीख अर्धीच आहे. फोटोत दिसतंय. लोक विचारतील."

टूमीसाहेबांनी खिशात हात घातला. शाळेतल्यासारखा खडू निघाला. कार्यक्रमात कुणी कुठे उभं राहायचं ते ते खडूने फळीवर आखायचे. "लीना, तूच लिही. मुलीच्या हातचं असू दे. पावसात धुऊन जाईल, दगडाला काही होत नाही." मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात म्हणाले, "माझ्या आईच्याही दगडावर बरीच वर्षं तारीख नव्हती. मी उशिरा पोचलो होतो. लिही, पोरी. बरं वाटतं."

ओर्लेनाच्या हातात खडू आला. टेकडीवरची सगळी माणसं, आपण पाहत नाही असं दाखवत, तिच्याकडे पाहत होती.

"कधी गेली?" टूमीसाहेबांनी हळूच विचारलं.

ओर्लेनाने आईकडे पाहिलं. मिंटी झाडूच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती.

"मला विचाराल तर," मिंटी म्हणाली, "ब्लॅकबेरीचा हंगाम उरकल्यावरची टाका. मुरंबा तेवढा घालून गेली असं होईल. कडाक्याच्या थंडीतली नको, खणणाऱ्यांचे हाल होतात."

कुणीतरी हसलं. ओर्लेनाला हसू आलं नाही. एकोणीसच्या पुढची ती वीतभर जागा तिच्यासमोर होती, आणि तिच्या ध्यानात आलं की ही तारीख आपल्याला शोधावी लागणार नाही. ती आपल्याला ठाऊक आहे. कुठलाही आकडा टाकून भागलं असतं, कुणी तपासायला येणार नव्हतं. पण हात आपोआप खऱ्या आकड्याकडे निघाला. तिने ३ काढला. मग त्याच्यापुढे ७.

तिचं नशीब सुरू झालं ते साल. गोठा मुका झाला ते साल.

तिने मान वळवून पाहिलं. आईचा चेहरा गाताना असायचा तसा होता, दगडाचा. भुवईसुद्धा हलली नव्हती.

"हं," मिंटी म्हणाली, आणि ह्यावेळी त्यात गंमत नव्हती. "बरोबर आहे. तेव्हाच."

ओर्लेना तशीच गुडघ्यावर बसून राहिली. फोटोवाला म्हणाला, "हलू नका, उत्तम आहे." त्याने परत कापडात डोकं घातलं. ओर्लेनाने तळहात दगडावर ठेवला आणि दोन्ही आकडे पुसले. एकदा पुसून गेले नाहीत, खडू खरबरीत दगडात बसला होता. तिने झग्याचं टोक थुंकीने ओलं करून परत घासलं. सिनसिनाटीच्या शिंप्याने खास ह्या फोटोसाठी शिवलेला झगा होता तो.

"साहेब," ती उठली, "ही झाडलोटवाली नाही. ही माझी आई."

टूमीसाहेबांनी मिंटीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, परत मिंटीकडे पाहिलं आणि डोशीकाकूच्या सासऱ्याच्या कबरीच्या कठड्यावर मटकन बसले.

"पण त्या तर गेल्या," ते म्हणाले.

"मीही तसंच ऐकलंय," मिंटी म्हणाली.

"बारा वर्षं मी..." त्यांनी रुमाल काढला. त्यांना राग आला नव्हता. कुणी त्यांचं हक्काचं दुःख काढून घ्यावं तसे ते दिसत होते. त्यांनी नाक पुसलं आणि मग त्यांच्यातला तिकिटं विकणारा माणूस जागा झाला. "लीना, मी पोरकीचा तंबू विकलाय. दहा गावांत सांगून झालंय. आई असलेली बाई मी कुणाला विकू? आई काय, सगळ्यांनाच असते."

"माहीत आहे."

"क्लोव्हिसचं नाव वर जाईल. तुझं असेल तिथेच. तेही शनिवारी माइकवर तू असलं काही बोलली नाहीस तर."

"बोलणार आहे, साहेब."

बारा वसंत मागितलेली गोष्ट एका घासात थुंकून टाकली होती तिने, आणि तिला अजिबात शूर वाटत नव्हतं.

"हे बघा, बाबा," मिंटीने टूमीसाहेबांपुढे ताटली धरली, "तुम्ही मला मारलंत ते मारलंत. पण फुलांच्या रविवारी टेकडीवरून उपाशी कुणी उतरत नाही. तंगडी घेणार की छातीचा तुकडा?"

टूमीसाहेबांनी तंगडी घेतली. मग केकही घेतला, दोनदा.

फोटोवाला फुकट खेप घालणाऱ्यांतला नव्हता. त्याने एक फोटो काढलाच: आपल्याच कबरीच्या दगडाला कोपर टेकून उभी असलेली मिंटी, दुसऱ्या हातात झाडू, आणि शेजारी तिची लेक, काळ्या झग्यावर खडूचा डाग. तो फोटो टूमीसाहेबांच्या काही कामाचा नव्हता. तो कामाला आला दोन वर्षांनी, जेव्हा ओर्लेनाने एक जुना, ठिगळांचा तंबू उचलला आणि जाहिरातीवर सगळ्यात वर स्वतःचं नाव टाकून खाली तो छापला. तंबू पहिल्या गावात निम्मा भरला, दुसऱ्या गावात त्याहून कमी. तिसऱ्यापासून बायका आपल्या आयांना घेऊन यायला लागल्या. दारावर तिकिटं फाडायला मिंटी बसायची. "तुम्हीच का त्या?" कुणी विचारलं की म्हणायची, "हो, मीच ती कैलासवासी. पुढे सरका, मागे रांग आहे."

पण ते पुढचं. त्या रविवारी संध्याकाळी ओर्लेनाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. टूमीसाहेबांची गाडी गेली होती. शनिवारी आपण माइकवर काय बोलणार आणि रविवारी आपल्याला काम उरेल का, ह्याचा विचार करत ती पायरीवर बसली होती. मिंटी बादली घेऊन गोठ्यात गेली. आता तिथे पॅन्सीची नात होती, जरा लाथाळ.

धारा सुरू झाल्या. बराच वेळ नुसत्या धाराच येत राहिल्या. ओर्लेनाने मान खाली घातली. एक रविवार झाला म्हणून काय झालं, असं तिने स्वतःला समजावलं.

मग धारांच्या तालात कुठेतरी, आधी घसा खाकरल्यासारखा आणि मग गंजलेलं फाटक उघडावं तसा, आवाज आला. बुडालेल्या नवरीचं गाणं होतं. आवाज फाटला होता, वरच्या सुराला पोचत नव्हता, तिथे मिंटी थांबायची आणि खालून वळसा घेऊन पुढे जायची. दुसऱ्या कडव्यात गाईने लाथ मारली. "उभी राहा गं भवाने," मिंटी म्हणाली आणि तिसरं कडवं धरलं. ओर्लेनाला ते येत नव्हतं. तिने हे गाणं शंभर गावांत म्हटलं होतं, आणि त्यात नदी नवरीशी बोलते असं एक कडवं आहे हे तिला माहीतच नव्हतं.

तिचा हात गिटारकडे गेला आणि परत मांडीवर आला.

"लेने!" गोठ्यातून हाक आली. "तिथे बसून काय चोरतेस? आत ये. ही गाय शेपटी मारतेय, धर जरा."

ओर्लेना आत गेली आणि तिने शेपटी धरली. मिंटीने गाईच्या पोटाला डोकं टेकलं आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू केलं.